कर्नल बदलला आणि डेअरीवरचा कीबोर्ड, काटा, प्रिंटर सगळेच गप्प!

मिरजेचा_तंबोरा | रविवार, सकाळी १०:५०

मंडळी, लफडं करून बसलोय, जरा बघा. गावात चुलतभावाचं दूध संकलन केंद्र आहे, तिथला पीसी मीच लावून दिलाय. एच६१ चा जुना बोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, डेबियन १२ लिनक्स, डेस्कटॉप वगैरे काही नाही, नुसती काळी स्क्रीन आणि माझी पायथनची स्क्रिप्ट. वजनकाटा आणि फॅट मशीन दोन्ही सिरियलवाले, त्यांना सीएच३४० चिपच्या सिरियल-ते-यूएसबी वायरी लावल्यात, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यूएसबीवर, कीबोर्ड यूएसबीवर, आणि महिनाअखेरीला भाऊ हिशोब पेनड्राईव्हवर घेऊन संघात जातो. दोन वर्षं एक तक्रार नाही.

काल संध्याकाळचं दूध झाल्यावर मला हुक्की आली की लिनक्सचा कर्नल (हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा) ६.१ काढून ६.१२ टाकू, तोही सोर्सकोडातून स्वतः बनवलेला, म्हणजे कंपाईल केलेला. डेअरीवर नेट रडतं म्हणून सीपीयूचा डबा उचलून घरी आणला. कर्नलचा सोर्स घेतला, बूट फोल्डरमधली डेबियनची कॉन्फिग फाईल (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी) कॉपी केली, मेक लोकलमॉडकॉन्फिग मारलं म्हणजे नको ते ड्रायव्हर गळतात, मग इन्स्टॉलच्या फाईलसाठी मेक बिनडेब-पीकेजी. पाऊण तासात डेब फाईल तयार, इन्स्टॉल, रिबूट, लॉगिन झालं, नेट चालू, म्हटलं जमलं की राव!

आज पहाटे साडेपाचला नेऊन लावला. ग्रबच्या, म्हणजे बूट होताना कर्नल निवडायच्या मेनूत बाण वरखाली होतात, एंटर लागतं, आणि कर्नल सुरू झाला की कीबोर्डवरचा नमलॉकचा हिरवा दिवा विझतो. तो विझला तो विझलाच. स्क्रिप्ट आपोआप सुरू होते, ती सांगते काटा सापडला नाही. बाहेर पंचवीसएक माणसं किटल्या घेऊन उभी. शेवटी वहीत लिहून घेतलं, फॅट मशीनच्या डिस्प्लेवर बघून. भाऊ माझ्याशी बोलत नाहीये. संध्याकाळी पाचला परत दूध येणार.

गच्चीवरचा_अँटेना | रविवार, ११:०५

आधी संध्याकाळचं बघ. ग्रबमध्ये दुसरी ओळ असते बघ ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सची, त्यात शिर, ६.१ वाली जुनी एंट्री असेलच, ती निवड. डेबियन जुना कर्नल स्वतःहून काढत नाही. नवीन डेब टाकताना तू शहाणपणा करून जुना उडवला नाहीस ना?

मिरजेचा_तंबोरा | रविवार, ११:४०

नाही उडवला! जुन्यावर बूट केला, सगळं चाललं, काटा, फॅट, पावती सगळं. पहाटे हे सुचलं असतं तर वही काढावी लागली नसती. म्हणजे हार्डवेअर धडधाकट आहे, माझाच कर्नल गंडलाय. पण ग्रबमध्ये कीबोर्ड चालतो आणि नंतर मरतो हे काय गौडबंगाल आहे?

चालू_द्या | रविवार, ११:५२

कीबोर्ड म्हणजे स्लो डिव्हाईस, १.५ एमबीपीएसवाला. ईएचसीआय हा यूएसबी कंट्रोलरचा ड्रायव्हर फक्त यूएसबी २.० चं ४८० बघतो. तुझ्या कॉन्फिगमध्ये जुन्या स्पीडचे यूएचसीआय आणि ओएचसीआय बंद झाले असणार, दोन्ही वाय (कर्नलच्या आतच) करून टाक. खरं तर यूएसबीच्या मेनूतलं सगळंच वाय कर, कटकट नको. मेनूकॉन्फिगमध्ये (कॉन्फिग बदलायचा मेनू) एचआयडीबीपी कीबोर्ड म्हणून एक ऑप्शन पण दिसतो कधीकधी, तो पण घे.

दुसरी_पाळी | रविवार, दुपारी १२:३०

चालू_द्या भाऊ, थांबा जरा. एचआयडीबीपीवाला अजिबात घेऊ नका, तो अगदी छोट्या एम्बेडेड डब्यांसाठीचा तोकडा ड्रायव्हर आहे, पूर्ण यूएसबी एचआयडी (कीबोर्ड-माऊसचा ड्रायव्हर) वाय असेल तर तो मेनूत दिसतच नाही. दिसतोय म्हणजे खरा ड्रायव्हर बाहेर आहे.

तंबोरा, ग्रबचं गौडबंगाल सोपं आहे. तोपर्यंत कीबोर्ड बायोस, म्हणजे बोर्डावरचाच प्रोग्रॅम, सांभाळत असतो. कर्नल आला की यूएसबी कंट्रोलर बायोसच्या हातातून काढून घेतो, आणि तिथून पुढं कीबोर्डचं काय करायचं ते कर्नलला ठाऊक पाहिजे. नमलॉकचा दिवा विझला तो क्षण म्हणजे चाव्या एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेल्या, आणि दुसऱ्याला कुलूप कुठलं तेच माहीत नाही.

दोन प्रश्न. एक, नवीन कर्नलवर नेट चालतंय ना, मग मोबाईलवरून एसएसएच करून (नेटवरून लॉगिन) एलएसयूएसबी डॅश टी चं, म्हणजे यूएसबी डिव्हाईस आणि त्यांच्या ड्रायव्हरच्या यादीचं, आउटपुट टाक. दोन, आणि हा महत्त्वाचा, घरी लोकलमॉडकॉन्फिग मारलंस तेव्हा मशीनला नेमकं काय काय लावलेलं होतं?

मिरजेचा_तंबोरा | रविवार, १:१५

घरी मॉनिटर, नेटची केबल, आणि कीबोर्ड माझा जुना गोल जांभळ्या पिनचा पीएस/२. बाकी सगळं डेअरीवरच होतं, नुसता सीपीयू आणलेला.

…लिहिता लिहिताच ट्यूब पेटायला लागलीये.

दुपारचा मोकळा होता म्हणून परत नवीन कर्नलवर टाकून मोबाईलवरून बघितलं. गंमत म्हणजे सगळी डिव्हाईस दिसतायत! दोन रूट हब, त्यांच्याखाली ८०८७:००२४ वाला एकेक इंटेलचा हब, आणि त्यातल्या पहिल्याच्या खाली कीबोर्ड १.५ एम, सीएच३४० दोन नग १२ एम, प्रिंटर. फक्त हबांपुढं ड्रायव्हर=हब लिहिलंय आणि बाकी सगळ्यांच्या ड्रायव्हर= च्या पुढं रिकामं.

दुसरी_पाळी | रविवार, २:१०

झालं, सापडलं. आता सावकाश लिहितो कारण हे पुढच्यालाही लागेल. कमांडी देवनागरीत टाकतोय, कॉपी पेस्ट होणार नाहीत, हातानं टाईप करा, डोक्यात राहतील.

यूएसबी चालत नाही असं आपण म्हणतो पण ती एक गोष्ट नाहीये, पाच-सहा माणसांची रांग आहे आणि विहिरीतून बादली हातोहात पुढं जाते. सगळ्यात खाली होस्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर. यूएचसीआय आणि ओएचसीआय हे यूएसबी १ च्या काळातले, ईएचसीआय २.० चा, एक्सएचसीआय ३.० आणि पुढचा, आणि तो जुन्या स्पीडची डिव्हाईसही स्वतःच सांभाळतो. त्याच्यावर यूएसबी कोअर, जो डिव्हाईस आलं की त्याला पत्ता देतो, डिस्क्रिप्टर वाचतो, व्हेंडर आयडी प्रॉडक्ट आयडी काढतो. तुझं इथपर्यंत व्यवस्थित आहे, म्हणून तर एलएसयूएसबीत सगळे दिसले. त्याच्यावर क्लास ड्रायव्हर किंवा त्या चिपचा ड्रायव्हर: कीबोर्डला यूएसबीएचआयडी आणि एचआयडी-जेनेरिक, वायरींना यूएसबीसिरियल आणि सीएच३४१ (सीएच३४० लाही हाच चालतो), प्रिंटरला यूएसबीएलपी, पेनड्राईव्हला यूएसबी-स्टोरेज. तुझी रांग इथं तुटलीय. ड्रायव्हर= पुढं रिकामं म्हणजे बादली आली पण घ्यायला माणूस नाही.

आणि तो माणूस घरी कोणी पाठवला? तूच. लोकलमॉडकॉन्फिग एवढंच करतं, एलएसमॉडच्या यादीत आत्ता जे मॉड्यूल (कर्नलचे लागेल तसे चढणारे तुकडे) लोड आहेत तेवढे ठेवायचे आणि बाकी एम, म्हणजे मॉड्यूल म्हणून निवडलेले, सगळे कॉन्फिगमधून काढायचे. डेबियनमध्ये यूएसबीचं जवळजवळ सगळं एम असतं. ईएचसीआयचा कंट्रोलर बोर्डावरच आहे म्हणून त्याचा मॉड्यूल घरीही लोड होता, तो वाचला. कीबोर्ड पीएस/२ होता म्हणून यूएसबीएचआयडी लोडच नव्हता, काटा डेअरीवर म्हणून सीएच३४१ नव्हता. त्याला वाटलं तुला नकोयत. पाऊण तासात कंपाईल कसा झाला त्याचं उत्तरही हेच. जुन्या आय३ वर डेबियनची पूर्ण कॉन्फिग घेऊन बसलास तर अर्धा दिवस जातो.

यूएचसीआयचं म्हणाल तर या बोर्डावर त्याचा उपयोग नाही. तो ८०८७:००२४ हब दिसतोय ना, तो चिपसेटच्या आतच आहे, हळू डिव्हाईसचं बोलणं तोच ४८० मध्ये बसवून ईएचसीआयला देतो. इंटेलनं ५ सिरीजच्या चिपसेटपासून ही पद्धत आणली आणि यूएचसीआय कंट्रोलर काढूनच टाकले. एच६१ मध्ये एक्सएचसीआयही नाही. पेंटियम ४ चा डबा असता तर चालू_द्या भाऊंचं म्हणणं बरोबर होतं.

चालू_द्या | रविवार, २:२५

मान्य. माझा डबा पेंटियम ४ चाच होता, २०१५ पर्यंत चालवला 😀 एलएसपीसीआय (बोर्डावरच्या कंट्रोलरांची यादी) बघायला पाहिजे होतं आधी.

पेन्शनर_पेंग्विन | रविवार, ४:००

पोरांनो, वाचून मजा आली. आम्ही पीसीक्वेस्ट मासिकाच्या सीडीवरून लिनक्स टाकायचो तेव्हाची आठवण आली. २.४ कर्नल २००१ च्या जानेवारीत आला तेव्हा एकाच यूएचसीआय चिपसाठी दोन दोन ड्रायव्हर होते, एक यूएसबी-यूएचसीआय आणि एक नुसता यूएचसीआय, आणि एका मशीनवर हा चाले तर दुसऱ्यावर तो. मॉड्यूल्स डॉट कॉन्फ फाईलमध्ये ॲलियास लिहायचा, यूएसबी कंट्रोलर म्हणजे अमुक. हॉटप्लग वगैरे नंतर. आता डिव्हाईस लावलं की यूडेव्ह नावाचा प्रोग्रॅम आयडी बघून मॉड्यूल स्वतः ओढतो, त्यामुळं तुम्हा लोकांना हे सगळं दिसतच नाही, आणि दिसत नाही म्हणून मोडलं की घाबरता.

यूएसबी ३ च्या बाबतीत मात्र लिनक्स सगळ्यांच्या पुढं होतं हे सांगून ठेवतो. स्पेक २००८ च्या नोव्हेंबरात, आणि एक्सएचसीआयचा ड्रायव्हर २.६.३१ मध्ये, म्हणजे २००९ मध्ये आलासुद्धा. तेव्हा इंटेलमध्ये असलेल्या सेज शार्प यांनी (तेव्हाचं नाव सेरा) लिहिलेला. बाजारात पोर्ट यायच्या आधी ड्रायव्हर तयार.

बाकी तंबोरा, चालत्या मशीनवर आदल्या रात्री प्रयोग करायचा नसतो बाळा, तोही दुधाच्या.

मिरजेचा_तंबोरा | रविवार, रात्री ९:३०

काका कबूल, कान पकडले. संध्याकाळचं दूध जुन्या कर्नलवर निघालं. भावानं चहा दिला, म्हणजे निम्मा राग गेला.

आता दुसरा प्रयत्न. डेअरीवरच सगळं लावलेलं असताना जुन्या कर्नलवर एलएसमॉडची यादी फाईलमध्ये घेतली, घरच्या लॅपटॉपवर सोर्स फोल्डर आणलं आणि मेक एलएसमॉड= च्या पुढं त्या फाईलचं नाव देऊन लोकलमॉडकॉन्फिग मारलं. तर भराभर ओळी आल्या, मॉड्यूल यूएसबीएचआयडी डिड नॉट हॅव कॉन्फिग्स कॉन्फिग_यूएसबी_एचआयडी, तसंच सीएच३४१ चं, तसंच यूएसबीसिरियलचं. यादीत आहेत, मग घेत का नाही?

दुसरी_पाळी | रविवार, रात्री १०:१५

कारण फोल्डरमधली डॉट कॉन्फिग कालचीच छाटलेली आहे. लोकलमॉडकॉन्फिगला फक्त काढता येतं, घालता येत नाही. कालच्या फाईलमध्ये यूएसबी_एचआयडी इज नॉट सेट असं लिहून बसलंय, त्यावर कितीही यादी दाखव, ते म्हणणार मॉड्यूल पाहिजे म्हणतोस पण कॉन्फिग तर बंद आहे, तेच ते बोंबलतंय. डेबियनची मूळ पूर्ण फाईल परत कॉपी कर, मेक ओल्डडेफकॉन्फिग मार (नवे पर्याय डीफॉल्टवर बसतात), मग यादी दे.

अजून एक. तुझी यादी इथं चिकटव ना.

मिरजेचा_तंबोरा | रविवार, रात्री १०:२५

ही घ्या, नव्वदएक ओळी आहेत, यूएसबीच्या तेवढ्या टाकतो: एचआयडी_जेनेरिक, यूएसबीएचआयडी, एचआयडी, सीएच३४१, यूएसबीसिरियल, ईएचसीआय_पीसीआय, ईएचसीआय_एचसीडी, यूएसबीकोअर, यूएसबी_कॉमन.

दुसरी_पाळी | रविवार, रात्री १०:३१

यूएसबीएलपी कुठाय? प्रिंटर बंद होता का तेव्हा?

मिरजेचा_तंबोरा | रविवार, रात्री १०:३४

अयायायो. हो. दूध संपलं की भाऊ प्रिंटरचं बटण बंद करतो, लाईटबिलासाठी. यादी मी त्यानंतर घेतली.

दुसरी_पाळी | रविवार, रात्री १०:५०

म्हणजे उद्या सकाळी वजन आलं असतं, फॅट आलं असतं आणि पावती निघाली नसती. पेनड्राईव्हही लावला नव्हतास, यूएसबी_स्टोरेज पण नाहीये यादीत. म्हणून यूएसबीच्या बाबतीत यादीवर विसंबायचंच नाही. नेट कार्ड, साऊंड, डिस्क कंट्रोलर या बोर्डाला चिकटलेल्या गोष्टी, त्या कायम असतात. यूएसबीवर आज एक लागेल उद्या दुसरं. त्यासाठी एलएमसी_कीप म्हणून सोय आहे, त्यात फोल्डरं द्यायची, मधे कोलन: ड्रायव्हर्स/यूएसबी:ड्रायव्हर्स/एचआयडी. मग त्या फोल्डरांतल्या कॉन्फिगना तो हात लावत नाही. कंपाईलचा वेळ थोडा वाढेल, वाढू दे.

एचआयडी वेगळं का द्यायचं तर कीबोर्डचा ड्रायव्हर यूएसबीच्या फोल्डरात नाहीच, एचआयडीच्या आत यूएसबीएचआयडी म्हणून आहे. मेनूकॉन्फिगमध्येही लोक यूएसबी सपोर्टच्या मेनूत कीबोर्ड शोधत बसतात, तो एचआयडी बसच्या मेनूत असतो. स्लॅश दाबून शोधा, नावाबरोबर तो कशावर अवलंबून आहे तेही सांगतं.

कोथरूडची_कमांडलाईन | सोमवार, सकाळी ८:०५

तंबोरा, धागा काल रात्री वाचला, यात अजून एक खड्डा आहे तो आधीच सांगते. पेनड्राईव्ह. यूएसबी-स्टोरेज आला म्हणजे एसडीबी१ दिसेल, कारण वरचा स्कझी डिस्कचा ड्रायव्हर तुझ्या साटा डिस्कमुळे लोड आहेच. पण माऊंट करायला गेलास की अडशील. तुझा जुना बायोसवाला बोर्ड आहे, ईएफआय पार्टिशन नाही, म्हणजे व्हीफॅट (पेनड्राईव्हची फाईलसिस्टिम) कधी लोडच झालेलं नसणार, म्हणजे लोकलमॉडकॉन्फिगनं तेही उडवलं असणार.

मिरजेचा_तंबोरा | सोमवार, दुपारी ३:२०

ताई तुमच्या तोंडात साखर पडो, किंवा नको पडू, कारण अगदी तस्संच झालं. तुमचं वाचायच्या आत कंपाईल करून मोकळा झालो होतो. कीबोर्ड चालला (नमलॉकचा दिवा विझून परत लागला तेव्हा मी एकटाच टाळी वाजवली), काटा, फॅट, पावती चालू. पेनड्राईव्हला अननोन फाईलसिस्टिम टाईप व्हीफॅट. मग व्हीफॅट एम करून परत बनवला, आता डीमेसेजमध्ये (कर्नलचे निरोप) कोडपेज सीपी४३७ नॉट फाऊंड. हे सीपी४३७ काय प्रकरण आहे? पेनड्राईव्हचा आणि कोडपेजचा काय संबंध?

कोथरूडची_कमांडलाईन | सोमवार, ४:४०

फॅटमध्ये (दुधातलं नव्हे, पेनड्राईव्हची फाईलसिस्टिम) लांब नावाच्या फाईलला दोन नावं असतात, एक जुनं डॉसचं आठ अधिक तीन अक्षरांचं, आणि एक लांब. जुनं नाव कुठल्या अक्षरसंचात वाचायचं त्याचा तक्ता म्हणजे कोडपेज, आणि डीफॉल्ट ४३७ आहे, पहिल्या आयबीएम पीसीवाला. तो तक्ता वेगळ्या मॉड्यूलमध्ये असतो, फाईलसिस्टिमच्या मेनूत खाली नेटिव्ह लँग्वेज सपोर्ट आहे त्यात. तिथं कोडपेज ४३७ घे, आणि तुझ्या कॉन्फिगमध्ये फॅटचा डीफॉल्ट आयओकॅरसेट म्हणून जे नाव आहे तेही घे, नाहीतर पुढची रड तिथं. हो, आणि माऊंट करताना यूटीएफ८ चा ऑप्शन दे. भाऊ फाईलचं नाव मार्च_हिशोब असं मराठीत ठेवत असेल तर एरवी नुसती प्रश्नचिन्हं दिसतील. ३२ जीबीच्या वरचा पेनड्राईव्ह असेल तर तो बहुधा एक्सफॅट असतो, त्याचा ड्रायव्हर वेगळा. ५.७ पासून कर्नलमध्ये नीट आहे, तोही घेऊन ठेव.

खरं तर एलएमसी_कीपमध्ये एफएस फोल्डर घातलं असतंस तर हे दोन फेरे वाचले असते.

शेंगदाणा_लाडू | सोमवार, ५:३०

मला एक कळत नाही, हे सगळं एमच्या ऐवजी वाय केलं तर भानगडच नाही ना? मॉड्यूल सापडला नाही, इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये चढणारी छोटी फाईलसिस्टिम) नाही, काही प्रश्नच नाही.

दुसरी_पाळी | सोमवार, ६:१५

वाय केलं म्हणून कॉन्फिगमधलं गायब झालेलं परत येत नाही, तंबोऱ्याची अडचण ती होती. पण वाय कुठं करावं याला उत्तर आहे. रूट पार्टिशन हातात यायच्या आधी जे लागतं ते, म्हणजे यूएसबी डिस्कवरूनच बूट करत असाल तर कंट्रोलर, स्टोरेज, फाईलसिस्टिम, आणि डिस्कला पासवर्ड असेल तर कीबोर्डही. इनिटरॅमएफएस वापरत असाल तर एम असूनही चालतं, तो आत भरून घेतो. इनिटरॅमएफएस नको असेल तर वाय, आणि कर्नलच्या कमांडलाईनवर रूटवेट द्या, कारण यूएसबी डिस्क ओळखायला एकदोन सेकंद जातात आणि कर्नल तोवर थांबत नाही, रूट सापडत नाही म्हणून पॅनिक करतो.

बाकी सिरियल, प्रिंटर असलं एमच ठेवा. एखादी वायर अडकून बसली तर मॉड्यूल काढून परत घालता येतो, रिबूट लागत नाही. सकाळी सहाला रांग असताना हे कळतं.

डब्लिनचा_पाऊस | सोमवार, रात्री ११:५०

स्टोरेजचा विषय निघालाच आहे तर माझं पण. रास्पबेरी पाय ४ या छोट्या बोर्डाला साटा एसएसडी यूएसबी ३ च्या ॲडॅप्टरवरून लावलाय, दहा-पंधरा मिनिटं चालतो मग डीमेसेजमध्ये रिसेट रिसेट आणि डिस्क गायब. यूएसबी २ च्या काळ्या पोर्टात लावला की हळू पण व्यवस्थित चालतो. आयडी १५२डी:०५७८.

दुसरी_पाळी | मंगळवार, सकाळी ७:४५

एलएसयूएसबी डॅश टी मध्ये ड्रायव्हर=यूएएस दिसत असणार. यूएएस म्हणजे एकावेळी अनेक कमांडी रांगेत घालणारा नवा, वेगवान मार्ग, पण बऱ्याच ॲडॅप्टर चिपांना तो नीट झेपत नाही. सीएमडीलाईन डॉट टीएक्सटीमध्ये त्याच एका ओळीत, नवीन ओळ न करता, यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=१५२डी:०५७८:यू असं लिही. शेवटचा यू म्हणजे या आयडीला यूएएस लावू नको, जुन्या यूएसबी-स्टोरेजनंच चालव. स्पीड थोडा पडेल. आधी मात्र पॉवर बघ, पायच्या पोर्टांना मिळून १.२ अँपियर मिळतो, एसएसडी भुकेला असेल तर हीच लक्षणं दिसतात.

डब्लिनचा_पाऊस | मंगळवार, रात्री १०:२०

ड्रायव्हर यूएएसच होता. क्वर्क टाकला, सहा तास झाले, एकही रिसेट नाही. धन्यवाद राव.

हॉस्टेलचा_डबा | बुधवार, दुपारी १:००

सीएच३४० वरून आठवलं, माझ्या उबुंटू २२.०४ वर आर्डुइनोचा क्लोन लावला की टीटीवाययूएसबी० (यूएसबी सिरियल पोर्टाचं नाव) यायचा आणि लगेच नाहीसा व्हायचा. मी दोन दिवस कर्नल कर्नल करत बसलो. शेवटी निघालं काय तर बीआरएलटीटीवाय म्हणून ब्रेल डिस्प्लेचा प्रोग्रॅम असतो, त्याच्या यादीत १ए८६:७५२३ हा आयडी आहे आणि तो पोर्ट पळवतो. कर्नलची चूकच नव्हती. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते पॅकेज काढा.

मिरजेचा_तंबोरा | गुरुवार, सकाळी ९:१०

पेनड्राईव्ह झाला, मराठी नावांसकट. पण आज नवीन नाटक, आणि हे हसण्यासारखं आहे. सकाळी पहिल्याच माणसाची पावती निघाली, दूध ४.२ लिटर, फॅट १२.५. भाऊ ओरडला, अरे ही म्हैस आहे का तुपाचा डबा! १२.५ हे वजन होतं आणि ४.२ फॅट. म्हणजे टीटीवाययूएसबी० आणि १ ची अदलाबदल झाली. दोन्ही ९६०० च्याच सिरियल स्पीडवर चालतात आणि माझी स्क्रिप्ट ओळीतला पहिला आकडा उचलते, त्यामुळं कुणाला काही संशय नाही. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. नवीन कर्नलमुळं का?

कोथरूडची_कमांडलाईन | गुरुवार, १०:००

आकडा इतका वेडावाकडा आला म्हणून सापडलं, ५ लिटर आणि ६ फॅट असतं तर कुणाच्या तरी बिलात गेलं असतं! दोन वर्षं नशीब होतं. ० आणि १ हे नंबर जो आधी ओळखला जाईल त्याला मिळतात, कुठलाच कर्नल त्याची हमी देत नाही. आणि सीएच३४० ला सहसा सिरियल नंबर नसतो, त्यामुळं आयडीवरून दोन वायरी वेगळ्या करता येत नाहीत. मग वायर कुठल्या भोकात आहे त्यावरून ओळखायचं. यूडेव्हचा नियम लिही: सबसिस्टिम टीटीवाय, कर्नल्स १-१.३, सिमलिंक (पोर्टाचं दुसरं, कायमचं नाव) काटा. दुसऱ्याला १-१.४, सिमलिंक फॅट. दोन्हीकडे तुलनेला बरोबरची दोन चिन्हं आणि सिमलिंकला अधिक-बरोबर, हे विसरू नको. १-१.३ म्हणजे पहिल्या बसच्या पहिल्या पोर्टावरच्या हबचा तिसरा पोर्ट, तुझे आकडे डीमेसेजमध्ये दिसतील. स्क्रिप्टमध्ये मग डेव्ह/काटा उघडायचं, टीटीवाययूएसबी नाव काढून टाक. आणि फॅट दहाच्या वर गेलं तर पावती छापू नको अशी अट घाल.

मिरजेचा_तंबोरा | शनिवार, रात्री ८:४५

नियम टाकले, अट घातली. चार वेळा रिबूट केला, दोन वेळा वायरी काढून उलट क्रमानं लावल्या, नावं जागच्या जागी. आज दोन्ही वेळचं दूध ६.१२ वर निघालं. जुना कर्नल ग्रबमध्ये ठेवलाय, आणि भावाला बाण दाबून तो कसा निवडायचा ते शिकवलंय.

वायर त्याच भोकात राहायला पाहिजे म्हणून सीपीयूच्या मागं काट्याच्या पोर्टाला लाल आणि फॅटच्या पोर्टाला गुलाबी नेलपॉलिश लावलंय, वायरींच्या टोकांनाही तेच. वहिनी विचारतायत गुलाबी बाटली परत कधी देणार. आणि भावानं सीपीयू टेबलाच्या पायाला पट्टी मारून बोल्टनं आवळून टाकलाय, म्हणतो काय करायचं ते इथं बसून कर, दूध संपल्यावर.